निघण्याआधीची सोबत
सहप्रवाशांची आगाऊ ओळख, चौकशी आणि खाजगीपण

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही काही जणांनी बोटीची सहल ठरवली. मुंबईहून निघायचे, गोवा आणि कोची पाहायचे, लक्षद्वीपला जायचे आणि परत यायचे. समुद्र ही जतच्या माणसाला अपूर्वाईचीच गोष्ट. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की बोलणे टँकर आणि म्हैसाळचे पाणी यांवर येते. जत रोड नावाच्या स्टेशनवर उतरलेल्या माणसालाही जत दिसत नाही, मग बोटीची गोष्टच सोडा. त्यामुळे उत्साह दांडगा होता. जमवाजमव करणाऱ्या गृहस्थांनी लगेच व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. आम्ही निघालो होतो सोळा जण, पण दोन दिवसांत त्याच बोटीने जाणारे मिरज, सोलापूर, पुणे इथले लोक ओळखीतून ओळखीत जोडले गेले आणि ग्रुपमध्ये त्रेचाळीस माणसे झाली. त्यांतली निम्मी मी कधी पाहिली नव्हती.

"सर्वांनी आपली ओळख करून द्यावी," असा निरोप आला. मी छत्तीस वर्षे मराठी शिकवले असल्याने हे काम मला आवडणारे. स्वतःची ओळख लिहून झाल्यावर आमच्या एक जुन्या सहकारी बाई गप्प आहेत असे दिसले, म्हणून त्यांचीही मीच करून दिली. कौतुकानेच लिहिले. त्या कोणत्या गावच्या, यजमान कधी गेले, त्यानंतर घर आणि शेती त्यांनी एकटीने कशी सांभाळली, मुलगा कुठे असतो, आणि आता आयुष्यात प्रथमच स्वतःसाठी त्या बाहेर पडताहेत. खाली नमस्काराचे हात आणि फुले यांचा पाऊस पडला.

तिसऱ्या दिवशी बाई ग्रुपमधून बाहेर पडल्या. आठवड्याने कळले की त्यांनी सहलही रद्द केली. माझा मजकूर कोणीतरी पुढे पाठवला होता आणि तो फिरत फिरत त्यांच्या सासरच्या माणसांपर्यंत पोहोचला होता. बाईंनी घरात अजून काही सांगितलेले नव्हते. योग्य वेळ पाहून त्या सांगणार होत्या. जमिनीच्या वाटपाचे बोलणे चालू असताना "बाई बोटीवर मौजेला चालल्या" ही बातमी ज्या रीतीने पोहोचायची त्या रीतीने पोहोचली. मी फोन केला. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सर, तुम्ही चांगलंच लिहिलंत. पण ते सांगायचं मी होते ना."

या वाक्याने मला हा लेख लिहायला बसवले. माझ्या हातून झाले ते केवळ फोन नीट वापरता न आल्यामुळे झाले, की आपल्या प्रवासाच्या जुन्या रीतीतच त्याचे मूळ आहे, हे मला पाहायचे होते.

कुठले तुम्ही?

आपल्याकडे सहप्रवाशाशी बोलणे सुरू होते ते गावापासून. "पाव्हणं, कंचं गाव?" हा प्रश्न आमच्या एस.टी.त अजूनही तिकिटाच्या आधी येतो. जत तालुक्याच्या पूर्वेला, उमदी-संखकडे, तोच प्रश्न कानडीत येतो, "निम्म याव ऊर्री?" गावामागोमाग आडनाव, आडनावामागोमाग जात, मग सोयरे, मुले, पगार. ऐकणारा शहरातला असेल तर याला भोचकपणा म्हणेल. पण 'चौकशी' हा शब्द पाहा. "त्यांनी तुमची चौकशी केली" म्हणजे आस्थेने विचारपूस केली, आणि "त्याची चौकशी लागली" म्हणजे तो अडचणीत आला. एकाच शब्दात माया आणि तपास दोन्ही आहेत. प्रवासात तर दोन्ही लागतच. ज्याच्याबरोबर रात्र काढायची तो कोण, हे माहीत असण्यावर जीव अवलंबून असे.

विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये, जे १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केले, वाटेतल्या सोबतीचे मोल पानोपानी दिसते. वाटेत भेटलेल्या माणसाकडून पुढची बातमी कळायची, आणि आपल्याजवळ काय आहे हे त्याच माणसापासून लपवायचेही असे. झाशीच्या पाडावात त्यांनी लुटालूट प्रत्यक्ष भोगली आहे.

लपवण्याचे कारण त्या काळच्या प्रवाशांना ठाऊक होते. ठगांविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी जे लिहून ठेवले त्यात अतिशयोक्ती किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण फासिगारांची म्हणून जी पद्धत नोंदली गेली ती विचार करण्याजोगी आहे. टोळीत गोड बोलून ओळख काढणारी माणसे वेगळी असत. ती धर्मशाळेत, सरायीत प्रवाशांशी स्नेह जोडत, वाटा धोक्याच्या आहेत, एकत्र गेलेले बरे, असे पटवत. म्हणजे चोरांची भीती घालूनच चोर सोबतीला येत. पुढे नळदुर्गात कारभार पाहिलेल्या मेडोज टेलरने १८३९ साली याच विषयावर कादंबरी लिहिली आणि ती विलायतेत गाजली. सोबत हवीही आणि सोबतीची धास्तीही, हा पेच अशा रीतीने जुनाच आहे.

माऊलीची युक्ती

या पेचावर आपल्याच भागात एक फार सुंदर तोड निघाली आहे, ती वारीत. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली. दिंड्यांचा क्रम ठरलेला, चोपदार ठरलेले, मुक्काम ठरलेले. या व्यवस्थेत प्रत्येक माणसाला ओळखणारे कोणीतरी असते. दिंडीचे प्रमुख त्याचे गाव जाणतात, घरी कोणाला कळवायचे ते जाणतात. बाहेरच्यांना मात्र तो फक्त 'माऊली' असतो. पाणी देणारा माऊली, वाट विचारणारी माऊली, चुकून पाय लागला तरी "माऊली, माऊली". लाखोंच्या गर्दीत नाव, आडनाव, जात यांपैकी काहीही न विचारता आपुलकीने बोलता यावे, अशी ही एका शब्दाची सोय आहे.

संध्याकाळच्या समाजआरतीतली रीतही अशीच. चोपदाराने चोप उंचावला की सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातो आणि काय ते ऐकून घेतो. तक्रार आहे हे सगळ्यांना कळते, पण ती सांगायची कोणाला हे ठरलेले असते.

यातून मला एक वाटणी दिसते. सुरक्षिततेसाठी जी माहिती लागते ती एका जबाबदार माणसाकडे राहते, आणि स्नेहासाठी जे लागते ते सर्वांना मिळते. आमच्या ग्रुपमध्ये या दोन्हींची सरमिसळ झाली होती.

बदलले काय?

चौकशी जुनी असेल तर आत्ताच ती का बाधते? मला तीन फरक दिसतात.

पहिला, देवघेवीचा. एस.टी.त मी गाव विचारले तर आधी वा नंतर माझेही सांगावे लागते. समोरच्याचा चेहरा पाहून किती सांगायचे ते ठरते. नको असेल तर माणूस "हितंच, जवळच" म्हणून विषय संपवतो. ग्रुपमध्ये त्रेचाळीस जणांतले दहा बोलतात आणि तेहेतीस नुसते वाचतात. वाचणारा कोण, हे सांगणाऱ्याला दिसत नाही.

दुसरा, टिकण्याचा. बोललेले विरते, फार तर आठवणीत बदलत जाते. लिहिलेले जसेच्या तसे पुढे जाते, आणि लिहिणाऱ्याचा सूर मागे राहतो. मी कौतुकाने लिहिलेले वाक्य दुसऱ्या घरात पुरावा म्हणून वाचले गेले.

तिसरा, क्रमाचा. पूर्वी प्रवास आधी आणि ओळख मागून, चार कोस बरोबर चालल्यावर. आता ओळख आधी आणि माणूस मागून दिसतो. तो दिसेपर्यंत त्याला आपली जन्मतारीख, घरचा पत्ता आणि घर किती दिवस बंद राहणार हेही कळून चुकलेले असते.

बोट म्हणजे गाडी नव्हे

बोटीच्या बाबतीत हे अधिक जपावे लागते. रेल्वेतली ओळख नकोशी झाली तर मिरज जंक्शनला सुटते. बोटीवर तीच माणसे रोज नाश्त्याला, जिन्यात आणि डेकवर भेटतात. म्हणून आगाऊ ओळखीत फार मोकळे होऊन बसलेला माणूस पुढे चार दिवस तोंड चुकवत फिरतो. परदेशी बोटींवर नियमित जाणाऱ्यांत निघण्याआधी एकमेकांची 'हजेरी' घेण्याची पद्धत रूढ आहे. त्यामागे व्यवहारही असतो. बंदरावर उतरल्यावर आठ जणांत एक गाडी केली तर प्रत्येकाला स्वस्त पडते. पण त्या मुरलेल्या प्रवाशांचा एक दंडक आहे, की केबिनचा क्रमांक चारचौघांत सांगायचा नाही. भेटायचे तर कॉफीच्या जागी, दाराशी नाही. आमच्या ग्रुपमध्ये मात्र "आमची केबिन अमुक, तुमची कोणती?" हा पहिल्या दिवसापासूनचा आवडता प्रश्न होता.

लक्षद्वीपला जायला प्रवेशपरवाना लागतो आणि त्यासाठी ओळखीचे कागद लागतात. ते मागितले गेले आणि लोकांनी आधार कार्डांचे फोटो थेट ग्रुपवर टाकले. एकाने टाकले, मग भिडेपोटी सगळ्यांनी टाकले. बाराजणांची जन्मसाले, पत्ते, क्रमांक एकेचाळीस-बेचाळीस फोनांत जाऊन बसले. कागद मागण्यात चूक नव्हती. ते एकाकडे जायला हवे होते, ते सगळ्यांकडे गेले.

कायदा कुठवर येतो?

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. सहल कंपनीसारख्या व्यावसायिकाने आपली माहिती कशासाठी घ्यावी आणि कशी सांभाळावी, हे त्यात येते. पण एखादी व्यक्ती स्वतःच्या घरगुती, वैयक्तिक कारणासाठी माहिती हाताळत असेल तर हा कायदा तिला लागू नाही. तसे नसते तर लग्नाच्या आमंत्रणयादीसाठीही परवानगी लागली असती, हे खरे. मात्र याचा अर्थ असा की मी बाईंविषयी जे लिहिले त्याला हा कायदा विचारायला येत नाही. तिथे उरते ती रीतभात.

थोडी रीतभात

ती फार अवघड नाही. दुसऱ्याला ग्रुपमध्ये घेण्याआधी विचारावे, कारण घेतल्याक्षणी त्याचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. आपल्याला कोणी न विचारता घेऊ नये असे वाटत असेल तर फोनच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे. ओळख करून देताना नाव, आणि प्रवासात काय पाहायची हौस आहे, एवढे पुरे. कागदपत्रे ज्याच्याकडे काम आहे त्यालाच, वेगळी पाठवावीत. जिथे चालत असेल तिथे आधारची झाकलेली प्रत द्यावी, जिच्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. घर किती दिवस बंद आहे हे शेजाऱ्याला सांगावे, ग्रुपला नव्हे. इतरांचे फोटो परतल्यावरसुद्धा विचारूनच पुढे पाठवावेत. जो गप्प आहे त्याला गप्प राहू द्यावे. ग्रुपमधून कोणी बाहेर पडले तर "का हो गेलात?" म्हणून दहा फोन करू नयेत. सहल संपली की ग्रुपही संपवावा.

खरी अडचण भिडेची आहे. आपल्याकडे न सांगणे हा उद्धटपणा ठरतो. सून, विधवा, एकटी राहणारी बाई, वेगळ्या जातीत लग्न केलेले जोडपे, यांना "नको" म्हणणे सर्वांत कठीण, आणि माहिती बाहेर गेल्याचा फटकाही त्यांनाच सर्वांत मोठा. माझ्यासारख्या निवृत्त पुरुषाला सगळे उघड सांगायला काय जाते? माझे काही अडकलेलेच नसते. म्हणून आधी विचारण्याची जबाबदारी आमच्यावर अधिक येते.

आम्ही पंधरा जण जाऊन आलो. समुद्र पाहिला. लक्षद्वीपचे पाणी खरोखरच निळे-हिरवे आहे. एका संध्याकाळी डेकवर एक अनोळखी म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले. सवयीने "कुठले तुम्ही?" ओठांवर आले होते. मी म्हटले, "बसा माऊली." ते बसले, आणि थोड्या वेळाने आपणहून बोलू लागले.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. दोन ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारली. एक त्यांच्या गावाच्या नावावर, दुसरी त्या कोणता विषय शिकवायच्या त्यावर. मग म्हणाल्या, "आता असू द्या." ते दोन्ही तपशील मी काढून टाकले आहेत. पुढच्या हिवाळ्यात त्या सहलीला जाणार आहेत. कुठे, ते मला त्यांनी सांगितले आहे.