एम्प्रेस गार्डनमधला सब्जा

दरवर्षी २६ जानेवारीच्या आसपास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं. आम्ही कोंढव्यात राहायला आलो त्याला बारा वर्षं झाली. फातिमानगरवरून जाता-येता दर जानेवारीत त्याचा फलक वाचायचा आणि पुढे निघायचं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध होता. यंदा आत गेलो ते अम्मांमुळे.

अब्बांच्या इंतकालनंतर अम्मा इद्दतचे चार महिने दहा दिवस गावीच राहिल्या, कराडजवळच्या आमच्या जुन्या घरात. मग आम्ही त्यांना पुण्याला आणलं आणि घराला कुलूप लागलं. त्या घराचं परसदार म्हणजे अम्मांचं राज्य होतं. मेंदीचं कुंपण, शेवगा, कागदी लिंबू, दोन मोगरे, गावठी गुलाब आणि न्हाणीघराच्या पाण्यावर वाढलेला सब्जा. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांनी पहिल्या महिन्यात चार कुंड्या मागून घेतल्या. पाणी खालच्या घरातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकलं, तक्रार आली, आणि अम्मांनी कोणाला न विचारता कुंड्या वॉचमनच्या बायकोला देऊन टाकल्या. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही. नमाज, तसबीह आणि खिडकीजवळची खुर्ची. जेवण कमी झालं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब ठीक आहे, साखर ठीक आहे, यांना जरा बाहेर न्या. तर आम्ही बाहेर नेलं.

सकाळी लवकर गेलो ते बरं झालं. अकरानंतर नुसती गर्दी. फाटकापाशीच ड्रॉइंग बोर्ड घेतलेली शाळकरी मुलं रांगेत उभी होती. इथली मुलांची चित्रकला स्पर्धा हा प्रदर्शनाचाच एक भाग, आणि झाडाखाली बसून जीभ बाहेर काढून रंगवणारी मुलं पाहणं हे आम्हाला कित्येक फुलांपेक्षा जास्त आवडलं.

बाग सुमारे ३९ एकरांची आहे. इंग्रजांच्या काळात ती छावणीतल्या सोल्जरांसाठी होती, पुढे व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतल्यावर तिला ‘एम्प्रेस’ हे नाव पडलं. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था तिची देखभाल करते आणि प्रदर्शनही तीच भरवते. जुनी, प्रचंड मोठी झाडं, त्यांच्यावर चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेली, आणि त्यांच्या सावलीत मांडव. आत शिरल्यावर दोन मिनिटांत सोलापूर रस्त्याचे हॉर्न विसरायला होतात.

सुरुवातीला फुलांचे गालिचे आणि उभ्या केलेल्या रचना होत्या. तिथे फोटो काढणाऱ्यांची इतकी झुंबड होती की फुलांपेक्षा पाठीच जास्त दिसल्या. आमची मुलंही त्यात घुसली. आम्ही अम्मांना घेऊन गुलाबांच्या मांडवात गेलो.

गुलाबांचा मांडव म्हणजे परीक्षेचा वर्ग. लांब टेबलं, प्रत्येक बाटलीत एकच दांडी, एकच फूल, खाली जातीच्या नावाची चिठ्ठी. ज्यांना बक्षीस त्यांच्यापुढे कार्ड. आम्हाला वाटलं होतं, पूर्ण उमललेलं मोठं फूल जिंकत असेल. तसं नसतं. तिथे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी समजावलं की स्पर्धेचा गुलाब अर्धा ते पाऊण उमललेला हवा, मधला शेंडा टोकदार दिसायला हवा, पाकळ्या सगळ्या बाजूंनी सारख्या सुटायला हव्यात. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने फूल येतं, म्हणून हे लोक प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे दिवस मोजून कात्री चालवतात. थंडी वाढली की फूल मागे पडतं, ऊन चढलं की पुढे. एवढं करून त्या एका सकाळी फूल पाऊणच उमललेलं हवं! अम्मांनी सगळं ऐकलं, एका फुलावर वाकल्या आणि म्हणाल्या, “वास कुठाय?” गृहस्थ हसले. आकारासाठी आणि टिकण्यासाठी वाढवलेल्या बऱ्याच नव्या जातींना वास कमीच असतो, हे त्यांनी मान्य केलं. अम्मांचा गावठी गुलाब या टेबलावर पहिल्या फेरीतच बाद झाला असता. गुलकंदाच्या बरणीत मात्र यातलं एकही फूल चाललं नसतं.

शेवंतीच्या विभागात नारळाएवढी फुलं होती. एका फांदीवरच्या बाकीच्या सगळ्या कळ्या लहानपणीच खुडून टाकायच्या आणि झाडाचं सगळं बळ एकाच कळीला द्यायचं, असं ते गणित. शिवाय शेवंतीला रात्र मोठी व्हावी लागते, म्हणून ती थंडीत फुलते. चिठ्ठीवर ‘क्रिसॅन्थेमम’ लिहिलेलं. मुलाला ते वाचताना तीनदा अडखळायला झालं. अम्मा म्हणाल्या, “गुलदावदी म्हण, सोपं आहे.”

मग आम्हाला छंदच लागला. गुलदावदी, गुलमेहंदी म्हणजे आपला तेरडा, नरगिस. गुलाब हा शब्दही मुळात फुलाचा नव्हे, फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी, म्हणजे ते गुलाबपाणी. मराठीत तो फुलालाच चिकटला. ‘बाग’ हा शब्दही तिकडूनच आलेला, आणि आपल्या मंडईतले बागवानही. हे अभिमानाने छाती फुगवायला सांगत नाही. पण मुलं अशा ठिकाणी गेली की त्यांना वाटतं, हे सगळं इंग्रजी नावांचं, दुसऱ्या कोणाचं तरी आहे. त्यांना बीबी का मकबऱ्यासमोरच्या चारबागेबद्दल सांगितलं. बंगळुरूचा लालबाग १७६० मध्ये हैदर अलीने लावायला घेतला, टिपू सुलतानने परदेशांतून रोपं मागवून तो वाढवला, आणि आज तिथे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये, असंच पुष्पप्रदर्शन भरतं, हेही सांगितलं. धाकटीने विचारलं, “मग आपल्याकडे एक कुंडीसुद्धा का नाही?”

त्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अम्मा दुसरीकडे पाहत होत्या.

बोन्साय अम्मांना मुळीच पटला नाही. ताटाएवढ्या उथळ कुंडीत वड, त्याला पारंब्या, वय आमच्या थोरल्यापेक्षा जास्त. ‘बोन’ म्हणजे उथळ भांडं आणि ‘साय’ म्हणजे रोप, कला जपानची पण मूळ चीनचं. मांडणाऱ्या बाईंनी सांगितलं की दर दोन-तीन वर्षांनी झाड उपसून मुळं छाटतात, माती बदलतात, फांद्यांना तार गुंडाळून वळण देतात. अम्मा बराच वेळ त्या वडाकडे बघत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “परसातून उपटून ताटलीत ठेवलेलं झाड. जगतंय म्हणा, पण जगतंय.” त्या झाडाबद्दलच बोलत होत्या असं आम्ही धरून चाललो.

भाज्यांच्या टेबलापाशी मात्र त्यांना पाय फुटले. एकसारखी वांगी, लाल कोबी, हातभर मुळे. “खरं प्रदर्शन हे!” एका मुळ्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं, त्याबद्दल त्यांची परीक्षकांशी सपशेल असहमती होती. पाला जून झालाय, म्हणे. आम्ही ती तक्रार कुठेही नोंदवली नाही.

शेवटी स्टॉल. कुंड्या, बियाणं, कोकोपीट, शोभेची रोपं, आणि त्यात एका टेबलावर स्वयंपाकघरातल्या वनस्पती: गवती चहा, पुदिना, ओवा, कढीपत्ता. एका काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत लुसलुशीत हिरवं रोप, पाटी ‘बेसिल’, किंमत दीडशे रुपये. अम्मांनी एक पान चुरगळलं, नाकाशी नेलं, आणि त्या शेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसल्या. आम्ही घाबरलो, चक्कर आली की काय. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसतही होत्या.

“अगं, हा सब्जा! दीडशे रुपयांना सब्जा!”

पिझ्झावर घालतात तो बेसिल आणि आपला सब्जा एकाच जातीचे भाऊ, वाण वेगळे एवढंच. फालुद्यात, रमजानच्या सरबतात घालतो ते काळं बी याचंच. अरबीत त्याला रैहान म्हणतात. सूरह रहमानमध्ये अल्लाहच्या देणग्या मोजताना धान्याबरोबर ज्या सुवासिक रैहानचा उल्लेख येतो, तोच शब्द. आपल्या मोहल्ल्यांतल्या सगळ्या रेहाना याच्याच नावाच्या. आणि आपल्याकडे कब्रस्तानात गेलं की हातात फुलांबरोबर सब्जाच्या काड्या असतात. त्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, इथे तो वाद काढायचा नाही. अब्बांच्या कबरीवर अम्मांच्या परसातला सब्जा गेला होता, आणि घराला कुलूप लागल्यावर परसातला तो वाळून गेला, हे आम्हाला त्या स्टुलापाशी उभं राहून पहिल्यांदा नीट समजलं. आम्ही महिन्यातून एकदा गावी फोन करून घराचं छप्पर ठीक आहे ना, एवढंच विचारत होतो. परसदाराची चौकशी कधी केली नव्हती.

आम्ही कुंडी घ्यायला निघालो तर अम्मांनी हात धरला. “पैसे वाया घालवू नका. डब्यात सब्जा आहे ना घरात.” स्टॉलवरच्या ताईंनी हे ऐकलं आणि रागावण्याऐवजी कात्रीने दोन कोवळे शेंडे कापून ओल्या कागदात गुंडाळून दिले. पाण्यात ठेवा, मुळं फुटतील, म्हणाल्या. तेव्हा आम्ही त्यांना खालच्या मजल्याची अडचण सांगितली. त्यांनी ती दहा मिनिटांत सोडवली, आणि ज्यांच्याकडे असाच तंटा आहे त्यांच्यासाठी ती इथे लिहितो.

कुंडी गॅलरीच्या कठड्यावर किंवा ग्रिलबाहेर ठेवायची नाही, आतल्या बाजूला ठेवायची, प्रत्येकीखाली खोल ताटली. नुसती माती भरली की कुंडी जड होते आणि पाणी धरून बसते. त्याऐवजी तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर चुरडलेला वाळका पालापाचोळा आणि कुजलेला ओला कचरा, वर थोडी माती. कुंडी हलकी राहते, पाणी कमी लागतं. पाणी घालायचं ते बोट खुपसून पाहून, वरची माती कोरडी लागली तरच. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन हवं, पुदिन्याला कमी चालतं. आमची गॅलरी पूर्वेची, अकरापर्यंत ऊन, म्हणजे सब्जाचं भागतं. सब्जाचं बी खोल पुरायचं नाही, वर भुरभुरायचं आणि बोटाने दाबायचं. ओलं झालं की फालुद्यात फुगतं तसं मातीतही फुगतं, आणि आठवड्याभरात उगवतं. किराणा दुकानातलं बी फार जुनं नसेल तर चालतं. तुरे दिसायला लागले की खुडायचे, म्हणजे झाड बाजूने भरतं, आणि बी हवं असेल तर एखाद-दुसरा तुरा राखायचा.

पाण्याचा उपाय अम्मांनीच काढला. त्या बसून वुजू करतात, तर खाली परात ठेवायची. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही वेगळं काढायचं. वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूचं पाणी जपून वापरावं हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण आमच्या घरातलं पाणी इतकी वर्षं सरळ गटारात जात होतं. मुसलमानाने लावलेल्या झाडाचं माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, ही प्रेषितांची (स.) हदीस थोरल्याला मदरशात पाठ करून घेतली होती. ती त्याने परात उचलताना धडाधड म्हणून दाखवली. आमच्या पहिल्या रोपांचे शेंडे चिमण्यांनी खाल्ले तेव्हा मात्र त्याची तोंडाला कुलूप लागल्यासारखी अवस्था झाली.

खालच्या घरी आम्ही स्वतः गेलो, ताटल्या दाखवल्या, ठिबकलं तर सांगा म्हटलं. त्या वहिनी अवघडल्या. म्हणाल्या, आम्ही कुंड्या काढा कधी म्हटलंच नव्हतं, फक्त कपड्यांचं सांगितलं होतं.

यंदा शब-ए-बरात प्रदर्शनानंतर आठवड्याभरातच आली. पेल्यातल्या दोन शेंड्यांपैकी एकाला पांढरी बारीक मुळं फुटली होती. दुसरा काळा पडला. अम्मा तो पेला मांडीवर धरून कराडपर्यंत बसल्या. खंबाटकीच्या वळणावर पाणी सांडलं, ते आमच्या बाटलीतून पुन्हा भरलं. कब्रस्तानात मावळतीला पोहोचलो. अब्बांच्या पायथ्याशी अम्मांनी खुरप्याने जागा केली, रोप लावलं, दुआ मागितली. शेजारच्या घरातल्या मुलाला पाण्याचं काम सांगितलं, त्याच्या हातावर वीस रुपये ठेवले आणि रोज, शुक्रवारपुरतं नाही, असं बजावलं.

मग घराचं कुलूप उघडलं. परसदारात गवत कमरेएवढं. लिंबू वाळलेला, मोगऱ्याचा पत्ता नाही. मेंदीचं कुंपण मात्र रानटी होऊन दीड पुरुष वाढलं होतं. अम्मांनी आमच्या हातात कोयता दिला आणि कुठे कापायचं ते बोटाने दाखवत राहिल्या. पेन्सिलीएवढ्या जाड तीन काड्या ओल्या फडक्यात बांधून पुण्याला आणल्या.

गॅलरीत आता सात कुंड्या आहेत. सब्जा बोटभर झालाय, रमजानमध्ये इफ्तारच्या सरबतात घालण्याइतकी पानं निघतील असं अम्मांचं म्हणणं. मेंदीच्या दोन काड्यांना पालवी आली आहे. तिसरी वाळली, पण ती काढू देत नाहीत.