दोन खोल्यांच्या घरातील ऑनलाइन डाव

काही महिन्यांपूर्वी भवानी पेठेतील एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. घराला लागूनच यंत्रमागांची शेड असल्यामुळे बोलताना आवाज थोडा चढवावा लागत होता. गेले सत्रभर वर्गात क्वचितच दिसणाऱ्या या मुलाने मोबाइलवरील पैशांच्या खेळात परीक्षा शुल्काची रक्कम तर घालविलीच होती, शिवाय मित्रांकडून उसनवारीही करून ठेवली होती. वडील माग चालवितात, आई विड्या वळते. वडिलांनी एकच प्रश्न विचारला. "सर, पोरगा इथंच, आमच्या डोळ्यांसमोर बसलेला असायचा. मग आम्हाला कळलं कसं नाही?"

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. तेवढ्यात आठवीतला धाकटा मुलगा मध्येच म्हणाला, की टीव्हीला जोडावयाचे खेळाचे यंत्र घेतले तर? त्यात पैसे लावावे लागत नाहीत आणि दुसऱ्या गावच्या मुलांशीही खेळता येते. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "हे आता घरोघरी येणार का, सर?"

दोन्ही प्रश्न साधे आहेत. पण अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यांची उत्तरे विचारपूर्वक द्यावयास हवीत, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

नवी वस्तू, जुनी ओळख

टीव्हीला जोडावयाचे खेळयंत्र, ज्याला आज सर्रास 'कन्सोल' म्हटले जाते, ते सोलापूरला अगदीच अपरिचित नाही. जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली आपले यंत्र बाजारात आणले आणि त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे गावोगाव पोचल्या. 'टीव्ही गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या यंत्रात कॅसेट घालून 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळलेली पिढी आज चाळिशीत आहे, आणि प्रस्तुत लेखकही त्याच पिढीतला. मात्र आमच्यापैकी फार थोड्यांच्या घरी ते यंत्र होते. बहुतेकांनी ते दुकानात तासाच्या भाड्याने खेळले, किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत चार घरांनी वर्गणी काढून दोन दिवसांपुरते आणले. त्याआधीच्या पिढीने व्हीसीआर असाच रात्रीपुरता भाड्याने आणला होता आणि त्याही आधीच्या पिढीने सायकल. आपल्या मध्यम व कनिष्ठ वर्गात नवी यंत्रे प्रथम भाड्याने येतात आणि मग मालकीची होतात. हा क्रम ध्यानात ठेवणे जरूर आहे.

घरच्या यंत्रावरून दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळण्याची सोय पुढे आली. सेगा कंपनीने १९९८ साली आपल्या यंत्रात मोडेम बसविला. मायक्रोसॉफ्टने २००२ च्या नोव्हेंबरात 'एक्सबॉक्स लाइव्ह' ही सेवा सुरू केली आणि पाश्चात्त्य देशांत ही पद्धत स्थिर झाली. भारतात मायक्रोसॉफ्टचे यंत्र २००६ साली आणि सोनीचे 'प्लेस्टेशन ५' २०२१ च्या फेब्रुवारीत रीतसर दाखल झाले. म्हणजे वस्तू येऊन बराच काळ लोटला आहे. तरीही भारतात ऑनलाइन खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक मोबाइलवरच खेळतात. याचे कारण निव्वळ आवडनिवडीत शोधून भागणार नाही.

तासाचा हिशोब

पहिले कारण किमतीचे. 'प्लेस्टेशन ५' भारतात आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती व पुढे ती वाढली. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाचे हे किमान दोन-तीन महिन्यांचे मानधन. पण खर्च येथे संपत नाही, खरे पाहता तो येथे सुरू होतो. या धंद्यात यंत्र थोड्या नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकले जाते आणि खरी कमाई खेळांच्या विक्रीतून व ऑनलाइन वर्गणीतून केली जाते. यंत्र आले त्या वेळी त्याचा एकेक मोठा खेळ ४,९९९ रुपयांना मिळत होता. अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, त्यांचे हे ठळक उदाहरण होय. यंत्र घेणारा ग्राहक वस्तुतः एका दीर्घकालीन खर्चावर सही करीत असतो.

आता साधा हिशोब मांडू. पन्नास हजारांचे यंत्र घरी रोज एक तास वापरले, तर पहिल्या वर्षात तासाला सुमारे १३७ रुपये पडतात. तेच यंत्र एखाद्या दुकानदाराने वर्षातील ३०० दिवस रोज आठ तास चालविले, तर तासाला सुमारे २१ रुपये पडतात. जागेचे भाडे, वीज व टीव्ही यांचा खर्च त्यात मिळविला तरी तफावत उरतेच. चार खेळाडू एका वेळी बसले तर माणशी खर्च आणखी उतरतो. विणकराच्या मुलाला हा हिशोब कोणी शिकवावा लागत नाही. मोठे यंत्र पाळीवर चालले तरच परवडते, हे तो जन्मापासून पाहत आला आहे.

वीज, तार आणि अंतर

दुसरे कारण पायाभूत सोयींचे. मोबाइलला स्वतःची बॅटरी असते. कन्सोलला वीज लागते, टीव्ही लागतो आणि घरापर्यंत आलेली इंटरनेटची तार लागते. आजच्या एखाद्या मोठ्या खेळाचा आकार शंभर जीबीपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असतो. रोज दोन जीबी देणाऱ्या मोबाइलच्या योजनेवर तो उतरवून घ्यावयाचा म्हटले तर पन्नास दिवस लागतील, आणि त्या काळात घरातल्या कोणालाही दुसऱ्या कशासाठी ती योजना वापरता येणार नाही. जिओच्या सप्टेंबर २०१६ मधील आगमनानंतर स्वस्त झाला तो मोबाइलवरचा डेटा. घरातली तार ही त्याहून वेगळी बाब होय आणि तिचा प्रसार त्या गतीने झालेला नाही.

अंतराचा प्रश्न मात्र समजतो तितका बिकट नाही. काचतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. खेळाचा मध्यवर्ती संगणक मुंबईत असेल तर सोलापुराहून संदेश जाऊन परत येण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकी चार-पाच भाग पुरतात. तोच सिंगापुरात असेल तर किमान पस्तीस-चाळीस भाग लागतात. वेगवान खेळात पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे सतरा भाग येतात. सिंगापूरशी जोडलेला आपला खेळाडू अशा रीतीने दोन चित्रे मागे राहतो आणि चांगला खेळूनही हरतो. सोलापूरच्या खेळाडूचे भवितव्य काही अंशी कंपन्या आपले संगणक कोठे ठेवतात यावर अवलंबून आहे, असे म्हणावे लागते.

यंत्रच नको, खेळ दूरच्या संगणकावर चालवून नुसते चित्र घरच्या टीव्हीवर आणू, असा मार्गही पुढे आला आहे. गूगलसारख्या बलाढ्य कंपनीने २०१९ च्या नोव्हेंबरात असा प्रयोग सुरू केला आणि २०२३ च्या जानेवारीत तो गुंडाळला. त्या दिशेने इतरांचे प्रयत्न चालू आहेत, परंतु त्यालाही चांगली तार लागतेच.

इतरांचा अनुभव

परदेशांचा अनुभव येथे उद्बोधक ठरेल. दक्षिण कोरियात १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर तासाच्या भाड्याने संगणक देणारी दालने गल्लोगल्ली निघाली. 'पीसी बांग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दालनांतूनच ऑनलाइन खेळ हा तेथील तरुणांच्या सामाजिक जीवनाचा भाग बनला. चीनने २००० साली कन्सोलच्या विक्रीवर बंदी घातली आणि ती पूर्णपणे उठेपर्यंत २०१५ साल उजाडले. मधल्या काळात तेथील मुले इंटरनेट कॅफेत आणि पुढे मोबाइलवर खेळू लागली. बंदी उठली तरी सवय परतली नाही. उलट जपानमध्ये घरे लहान असूनही कन्सोल घरात शिरले, कारण कुटुंबाची मिळकत वाढती होती आणि निन्टेन्डोने आपल्या यंत्राचे नावच 'फॅमिली कॉम्प्युटर' असे ठेवले होते. तेव्हा घर लहान म्हणून यंत्र येणार नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. ते कोणाच्या संमतीने येते, हा कळीचा मुद्दा आहे.

टीव्ही घराचा, मोबाइल एकट्याचा

येथे आपण त्या वडिलांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही एकच असतो आणि त्यावर सर्वांचा हक्क असतो. आजीची मालिका, वडिलांच्या बातम्या, धाकट्याचा क्रिकेट सामना यांतून वेळ काढून खेळावयाचे तर घरच्यांशी बोलावे लागते, तडजोड करावी लागते. जो कोणी खेळेल तो सर्वांसमक्ष खेळेल. मोबाइलला यांपैकी कशाचीच गरज नसते. त्याचा पडदा एकाच माणसाकडे तोंड करून असतो. मुलगा डोळ्यांसमोर होता, पण त्याचा डाव डोळ्यांसमोर नव्हता. न कळण्याचे कारण हे आहे.

बाजाराच्या दृष्टीने टीव्हीचे हे सामाईकपण कन्सोलच्या प्रसारातील अडसर ठरते. समाजाच्या दृष्टीने मात्र तोच त्याचा गुण होय. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला व २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरविले. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ यांना मात्र उत्तेजनाची भूमिका घेतली. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये अशा खेळांत गमावतात, असा अंदाज त्या वेळी सरकारी पातळीवरून मांडण्यात आला होता. बड्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ तत्काळ थांबविले. परंतु खेळण्याची सवय कायद्याने थांबत नाही. ती दुसरी वाट शोधते. ती वाट कोणती असावी, हा आज शिक्षकांपुढचा आणि पालकांपुढचा प्रश्न आहे.

कन्सोल म्हणजे सर्वस्वी निर्धोक, असे मात्र कोणी समजू नये. तेथेही खेळाच्या आत पोशाख, शस्त्रे, बंद पेट्या विकल्या जातात. अशा काही पेट्यांना बेल्जियमने २०१८ साली जुगारच ठरविले. 'फोर्टनाइट' या खेळाच्या कंपनीला अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. त्यांपैकी साडेचोवीस कोटी, नकळत खरेदी करविल्या गेलेल्या ग्राहकांना परत करण्यासाठी होते. शिवाय भाड्याच्या दालनांत मुली सहसा जात नाहीत, आणि घरच्या टीव्हीवर पहिली पाळी बहुधा मुलाचीच असते. मोबाइलने मुलींना खेळात जो थोडाफार प्रवेश दिला, तो येथे हिरावला जाण्याचा संभव आहे. याचाही विचार व्हावयास हवा.

मग काय करावे?

माझे अनुमान असे, की ऑनलाइन कन्सोल पगारदारांच्या घरांत सावकाश येईल. भवानी पेठेसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ते प्रथम भाड्याच्या दालनात रुजेल आणि पुष्कळ काळ तेथेच राहील. तसे असेल तर त्या दालनांना संशयाने पाहून आडबाजूला ढकलण्याऐवजी परवाना, वेळ व वय यांचे साधे नियम लावून ती उजेडात ठेवणे शहाणपणाचे ठरेल. महाविद्यालयाच्या जिमखान्यात कॅरम आणि टेबल टेनिस असते. तेथे एक यंत्र ठेवून मुलींसाठी वेळ राखून ठेवली, तर खर्च एका क्रिकेट संचाच्या मानाने अधिक असला तरी आवाक्याबाहेरचा नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावी. पुण्यातील एका छोट्या संस्थेने तयार केलेला 'राजी' हा खेळ २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर प्रसिद्ध झाला. त्या साली ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलेही जात नव्हते. आपल्यापासून अडीचशे किलोमीटरांवर जगाच्या दिवाणखान्यांसाठी खेळ तयार होतात. जकार्डाच्या मागावर नक्षी उतरविणाऱ्या शहरातील मुलांनी या उद्योगाकडे केवळ गिऱ्हाईक म्हणून पाहू नये.

त्या वडिलांना मी एवढेच सांगितले, की सध्या यंत्र घेऊ नका. घेतलेत तर ते पुढच्या खोलीतल्या टीव्हीलाच जोडा, त्यात बँकेचे कार्ड नोंदवू नका आणि आठवड्यातून एकदा तरी दुसरा कंट्रोलर स्वतः हातात घ्या. ते हसले. शेवटच्या गोष्टीला वेळ कोठून आणावयाचा, असे त्यांनी विचारले आणि पाळीची वेळ झाली म्हणून उठून शेडमध्ये गेले. थोरला मुलगा आता वर्गात येतो. तास संपला की तोही मागावर उभा राहतो आणि उसने घेतलेले पैसे थोडेथोडे फेडतो.