मागच्याच्या चालीने
संग्रामपूरहून निघणाऱ्या मोटारसायकल सहलींविषयी

उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला पूर्णा आणि मधे काळ्या मातीचा सपाट पट्टा. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा संग्रामपूर तालुका मोटारसायकलवाल्याला हवा तसा वसलेला आहे. गाव सोडलं की सरळ रस्ता लागतो, आणि थोड्याच वेळात डोंगराची चाहूल.

इथल्या घराघरांत गाडी आहे. सकाळी ती दुधाच्या कॅन वाहते, दुपारी खताचं पोतं आणते, संध्याकाळी लेकरांना शिकवणीला सोडते. त्याच शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर एखाद्या रविवारी आठ-दहा जणांनी ठरवून, नियम पाळून लांबवर जाऊन येणं म्हणजे टूरिंग. त्यासाठी लाखांची बाईक लागत नाही. लागते ती एकमेकांसाठी थांबण्याची तयारी. ती असली की क्लब होतो. नसली तर एकाच रस्त्याने धावणाऱ्या सुट्या गाड्या तेवढ्या उरतात.

जुनी हौस, नवे क्लब

सोबतीने दूर जाण्याची हौस महाराष्ट्राला जुनी आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईच्या पारशी तरुणांची एक टोळी सायकलवरून जगप्रवासाला निघाली. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे त्यांच्यातले तिघे साधारण ७१ हजार किलोमीटर तुडवून १९२८ मध्ये परतले. मोटारसायकलींच्या काळात ही हौस क्लबांच्या रूपाने पसरली. गोव्यात रॉयल एनफील्डचा ‘रायडर मेनिया’ हा मेळा भरू लागला. २०२३ पासून त्याचं नाव ‘मोटोव्हर्स’ झालं. पुण्यात २०११ मध्ये उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी ‘बाइकर्नी’ ही फक्त महिलांची मोटारसायकल संघटना उभी केली. आज तालुक्याच्या गावातली मुलगीही स्कूटरवरून कॉलेजला जाते. तिला ग्रुप राईडला बोलावलं नाही, तर आपला क्लब अर्धाच राहील.

रांगेचं शास्त्र

ग्रुप राईडमध्ये दोन जागा मोलाच्या. सगळ्यांत पुढचा ‘लीड’ आणि सगळ्यांत मागचा ‘स्वीप’. लीडला रस्ता ठाऊक असावा आणि हात आवरता यावा. स्वीप मात्र गटातला सर्वांत अनुभवी माणूस हवा. पंक्चर किट, प्रथमोपचाराची पेटी, जादा क्लच केबल त्याच्याकडे. कोणी थांबलं की तो थांबतो. त्याच्या मागे आपलं कोणी राहत नाही.

नवख्याला लीडच्या लगेच मागे ठेवतात, याला कारण आहे. पुढच्याने वेग थोडा कमी-जास्त केला की रांग ताणली जाते, आणि ती तूट भरून काढायला शेवटच्याला सगळ्यांपेक्षा जोरात पळावं लागतं. नवखा शेवटी असेल तर गाठण्याच्या घाईत तोच चुकतो.

सरळ रस्त्यावर गाड्या नागमोडी लावतात. लीड आपल्या लेनच्या उजव्या अंगाला, दुसरा डाव्या अंगाला एक सेकंद मागे, तिसरा पुन्हा उजवीकडे, लीडच्या दोन सेकंद मागे. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. म्हणजे नेमक्या पुढच्या गाडीपासून ३३ मीटर मोकळे मिळतात आणि ब्रेक मारायला जागा राहते. वळणावर, पुलावर, अरुंद रस्त्यावर मात्र एकेरी रांग.

आता हिशोब करा. बारा गाड्यांची नागमोडी रांगही १८० मीटरच्या पुढे जाते. एवढ्या लांब रांगेला एसटी कशी ओलांडणार? म्हणून पाच-सहा गाड्यांचे गट पाडावेत आणि गटागटांत भरपूर अंतर ठेवावं.

वाट चुकू नये म्हणून एक साधी रीत आहे. फाटा आला की लीड नवख्यांच्या लगेच मागच्या गाडीला हाताने जागा दाखवतो. समजा वरवट बकालचा फाटा आला, तर तो गडी बाजूला उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो. स्वीप दिसला की त्याच्यापुढे रांगेत शिरतो. मोबाइलची रेंज गेली तरी चालतं.

शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. सरळ ओळी, ठरलेलं अंतर, पुढच्याला मागच्याचं भान. शिस्तीने चालणं आपल्या भागाला ठाऊक आहे. ते चाकांवर आणायचं आहे.

कुठे जायचं?

पहिली राईड अर्ध्या दिवसाची असावी. वारी भैरवगड त्यासाठी उत्तम. वान नदीवरचं हनुमान सागर धरण, सातपुड्याची कूस आणि हनुमानाचं मंदिर. इथली मूर्ती समर्थ रामदासांनी स्थापली अशी श्रद्धा आहे. इथल्या डोहात बुडून जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून पाण्यात कोणी उतरणार नाही हे निघतानाच ठरवून घ्यावं.

दुसरी राईड पूर्ण दिवसाची. खिरोड्याच्या पुलावरून पूर्णा ओलांडायची, शेगावला दर्शन आणि कचोरी, मग खामगाव, मेहकर करत लोणार. बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर जगभरच्या अभ्यासकांना खेचून आणतं. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं दाखवलं. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा मिळाला. हाताशी आणखी दिवस असेल तर जिजाऊंचं जन्मस्थान सिंदखेड राजा जोडता येतं. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. आखणी जुन्या रस्त्यांनीच करावी.

तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झालं. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथल्या सफारीच्या वाटांवर दुचाकी चालत नाही आणि चालूही नये. गाड्या बाहेर लावून वनखात्याच्या नियमाने आत जावं. जंगलाच्या कडेने जाताना हॉर्न बंद, वेग कमी, आणि सूर्य मावळायच्या आत परत. फटफटणारा सायलेन्सर लावलेल्या गाडीला क्लबने दारातूनच माघारी पाठवावं.

रस्ता काय सांगतो

आपल्या रस्त्यांचे धोके आपल्या मातीतले आहेत. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर येते. तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी गेलीच. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रस्त्यावर येतात. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. पहाटे आणि सांजवेळी रोही आडवे येतात. एक गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं समजू नये, मागे कळप असतो. बाभळीचा काटा तर बारमाही.

निघण्याआधी गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि चेन बोटाने वर-खाली करून पाहा. साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक. मग चाक हळूहळू फिरवत राहा. एखाद्या जागी चेन ताठ, दुसऱ्या जागी ढिली लागली, तर ती झिजली आहे. लांब जाऊ नका. टायरची हवा पाहावी ती गाडी थंड असतानाच.

हेल्मेट प्रत्येकाला हवं, मागे बसलेल्यालाही. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला ते सक्तीचं आहे. नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन. अपघात दिसला तर थांबा, १०८ किंवा ११२ ला फोन करा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. दहा जणांचा गट थांबला तर एक जण वाहतूक वळवतो, एक फोन करतो, एक जखमीजवळ बसतो. एकट्याला हे जमत नाही. क्लबचा गावाला सर्वांत मोठा उपयोग हाच.

थंडी हा राईडचा हंगाम. या दिवाळीनंतर मित्र जमवा, तारीख ठरवा. नाव, झेंडा, टी-शर्ट सवडीने होतील. पहिल्या बैठकीत एकच गोष्ट पक्की करा: सगळ्यांच्या मागे कोण राहणार. त्यासाठी तुमच्यातला सर्वांत चांगला चालवणारा आनंदाने पुढे आला, तर तुमचा क्लब झाला म्हणून समजा.