क्रूसाखालचा वर्ग, त्यात कोण कोण?

‘कुठलं कॉलेज?’ या प्रश्नाला ‘झेवियर्स’ असं उत्तर आलं की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहतं. दगडी कमानी, ‘मल्हार’चा गोंधळ आणि सगळ्या प्रकारचा क्राऊड. ग्रुपमध्ये डिसोझा असतो, देशपांडे असते, शहा असतो आणि शेखही. जेझुइट पाद्र्यांनी १८६९ मध्ये सुरू केलेलं हे अल्पसंख्याक कॉलेज. तिथे ख्रिश्चन मुलांसाठी राखीव जागा आहेत, पण बाकीच्यांनाही ते कधी परकं वाटलेलं नाही.

याच जेझुइटांचं अमेरिकेतलं सर्वांत जुनं विद्यापीठ म्हणजे वॉशिंग्टनचं जॉर्जटाऊन. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये कुणी जीआरई नाहीतर जीमॅटचा अभ्यास करत असेल, तर त्याच्या यादीत हे नाव असू शकतं. म्हणून विचारावंसं वाटतं, की नावात आणि भिंतीवर क्रूस असलेल्या विद्यापीठात आत नेमकं येतं कोण? आणि ते ठरवतं कोण?

दार उघडं, पण कुणासाठी?

१७८९ मध्ये जॉन कॅरोल या कॅथलिक बिशपने जॉर्जटाऊनचा पाया घातला. तेव्हाच्या अमेरिकेत कॅथलिक हेच मूठभर आणि संशयाच्या नजरेने पाहिले जाणारे. तरीही कॅरोल यांनी आधीच जाहीर केलं होतं, की इथे कुठल्याही धर्मपंथाच्या मुलाला प्रवेश मिळेल. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

पण धर्माचं दार उघडं असलं तरी रंगाचं बंद होतं. गंमत बघा. १८७४ मध्ये पॅट्रिक हीली विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांची आई गुलाम होती, वडील आयरिश. समाजात ते गोरे म्हणूनच वावरले. याच विद्यापीठात पदवीसाठी पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला तो १९५०च्या सुमारास! मुलींना मुख्य कॉलेजात प्रवेश मिळायला तर १९६९ उजाडावं लागलं.

पुढे विद्यापीठाचा चेहरा बदलला तो बास्केटबॉलमुळेही. जॉन थॉम्पसन हे कृष्णवर्णीय कोच १९७२ मध्ये आले. १९८४ मध्ये त्यांच्या टीमने राष्ट्रीय विजेतेपद मारलं आणि जॉर्जटाऊनचं नाव आफ्रिकन-अमेरिकन वस्त्यांमधल्या पोरांच्याही तोंडी बसलं.

२७२ माणसांचं कर्ज

आता थोडी कडू गोष्ट. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम माणसं लुईझियानाच्या मळेवाल्यांना विकली. आलेल्या पैशातला काही भाग कॉलेजचं कर्ज फेडायला वापरला गेला. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं, तेव्हा या विक्रीशी जोडलेली नावं इमारतींवरून उतरली. २०१७ मध्ये त्यातल्या एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं गेलं. विक्रीच्या कागदावर पहिलं नाव याच आयझॅकचं होतं.

त्याआधी २०१६ मध्ये विद्यापीठाने ठरवलं, की या २७२ जणांच्या वंशजांना प्रवेशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांइतकंच झुकतं माप द्यायचं. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान घेतलं. वंशजांसाठी प्रत्येकाने दर सत्राला २७.२० डॉलर द्यावेत का? जवळपास दोन तृतीयांश मुलांनी ‘हो’ म्हटलं. विद्यापीठाने फी बसवली नाही, देणग्यांतून निधी उभा करायचं ठरवलं. पण खिशात हात घालायला मुलं तयार झाली, हे महत्त्वाचं.

देव नावाचा प्रॉब्लेम

जॉर्जटाऊनमध्ये पदवीला असाल तर धर्मशास्त्राचे दोन कोर्स घ्यावेच लागतात, मग तुम्ही कुठल्याही धर्माचे असा नाहीतर नास्तिक असा. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या कोर्सचं नावच आहे ‘द प्रॉब्लेम ऑफ गॉड’. आहे की नाही झकास?

नुसतं शिकवून ते थांबलेले नाहीत. १९६८ मध्ये ज्यू रब्बी नेमला, १९९९ मध्ये मुस्लिम इमाम आणि २०१६ मध्ये पूर्णवेळ हिंदू पुरोहित. २०२३ मध्ये कॅम्पसवर मशीद सुरू झाली. तिला यॅरो मामूत यांचं नाव आहे. गुलामीतून सुटून जॉर्जटाऊन भागात स्वतःचं घर घेतलेला हा मुसलमान माणूस.

सगळ्या एका माळेच्या?

छे! ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत जवळपास सगळे विद्यार्थी मॉर्मन पंथाचे, आणि पंथाबाहेरच्यांना फी जास्त. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटीने तर वेगवेगळ्या वंशांच्या मुलामुलींच्या डेटिंगवर २०००पर्यंत बंदी ठेवली होती. त्यापायी १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टात करसवलतीची लढाईही हरली. बायबल एकच, पण वर्गातली हजेरी किती वेगळी!

कोर्टाचा ब्रेक

जून २०२३ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाने प्रवेश देताना वंशाचा विचार करायला मनाई केली. त्याआधी पन्नासहून जास्त कॅथलिक संस्थांनी जॉर्जटाऊनच्या पुढाकाराने कोर्टात बाजू मांडली होती, की सर्व थरांतल्या मुलांना जवळ करणं हा आमच्या श्रद्धेचाच भाग आहे. कोर्टाने ते ऐकलं नाही. मार्च २०२५ मध्ये एका सरकारी वकिलाने जॉर्जटाऊनच्या लॉ स्कूलला पत्र पाठवून विविधतेचे कार्यक्रम बंद करायला सांगितलं. डीनने उत्तर दिलं, की काय शिकवायचं ते सरकार ठरवू शकत नाही.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने जाते. २००५च्या घटनादुरुस्तीने खासगी कॉलेजांत आरक्षणाची वाट मोकळी केली, पण अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळलं. तिथे श्रद्धेच्या नावाने दार रुंद ठेवायचा हट्ट, इथे श्रद्धेच्या नावाने आरक्षणातून सूट.

फोटोत न दिसणारं

माहितीपत्रकातल्या फोटोत सगळ्या रंगांची मुलं हिरवळीवर हसत बसलेली असतात. खिसा मात्र फोटोत दिसत नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या अभ्यासात जॉर्जटाऊनमधला साधारण पाचातला एक विद्यार्थी देशातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतला निघाला. खालच्या साठ टक्के घरांतली मुलं त्याहून कमी.

तेव्हा मंडळी, अर्ज भरायच्या आधी ‘तिथे आपल्यासारखी किती जणं आहेत?’ एवढंच विचारू नका. फी कोणाला परवडते, स्कॉलरशिप कोणाला मिळते आणि सणाच्या दिवशी कोणाला सुट्टी मागावी लागते, हेही विचारा. खरी उत्तरं त्यातच सापडतील.