'साहेब, तुम्ही स्वतःच कराल ना?'

सोमवारची ओपीडी. मुलगा वडिलांना घेऊन आलेला असतो, जांघेतला हर्निया. तपासणी होते, तारीख मिळते. मुलगा केसपेपर घडी करून खिशात ठेवतो, दारापर्यंत जातो आणि मागे वळून हळूच विचारतो, "साहेब, तुम्ही स्वतःच कराल ना? शिकाऊ डॉक्टर नको."

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उभी हयात काढलेल्या माझ्यासारख्या सर्जनला हा प्रश्न किती वेळा आला, याची मोजदाद नाही. प्रश्न रास्तच आहे. त्यामागचं चित्र मात्र तपासून घ्यायला हवं.

ज्याला आपण 'शिकाऊ' म्हणतो, तो निवासी डॉक्टर साडेचार वर्षांचं एमबीबीएस, वर्षभराची इंटर्नशिप आणि देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असं सगळं पार करून तीन वर्षांच्या एमएसला आलेला असतो. पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला येतं ते रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा ओढून धरणारं अवजार, धरून तासन् तास उभं राहणं. रात्री वॉर्डात जरा उसंत मिळाली की खाटेच्या दांडीला दोरा अडकवून तो एका हाताने गाठी मारत बसतो. पुढे त्वचेचे टाके, मग पोट उघडणं आणि बंद करणं, मग अपेंडिक्स, हर्निया, आणि तेही टेबलापलीकडे वरिष्ठ उभा असताना. गाडं अडलं की अवजार वरिष्ठाच्या हातात जातं. त्यामुळे 'निवासी डॉक्टर हातच लावणार नाहीत' असं मी कोणाला सांगत नाही. ते खोटं ठरेल. त्यांच्या सहभागाने शस्त्रक्रियेला वेळ थोडा जास्त लागतो, हे परदेशातल्या मोठ्या पाहण्यांत दिसलं आहे. त्यामुळे मृत्यू वाढतात, असं मात्र दिसलेलं नाही.

मुळात ऑपरेशन म्हणजे एका माणसाच्या हाताची करामत, हाच मोठा गैरसमज. अमेरिकेतल्या 186 रुग्णालयांतल्या 84,730 शस्त्रक्रियांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. जिथे मृत्यू सर्वांत कमी आणि जिथे सर्वांत जास्त, अशा दोन्ही गटांत गुंतागुंत होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, चारांत एक. मृत्यूंचं प्रमाण मात्र 3.5 टक्के आणि 6.9 टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. बिघाड दोन्हीकडे होत होते. फरक होता तो बिघाड झाल्यावर रुग्ण वाचवता येण्यात.

वॉर्डात हे असं दिसतं: रात्रीचे अडीच वाजलेले. संध्याकाळी 84 असलेली नाडी आता 116. लघवीच्या पिशवीत चार तासांत जेमतेम 60 मिली. रुग्ण म्हणतो, "बरा आहे मी." फर्स्ट इयरची डॉक्टर पोटावर हात ठेवते, खाटेखालची ड्रेनची बाटली टॉर्चने बघते आणि रजिस्ट्रारला उठवते. आतला रक्तस्राव अशा वेळी पकडला जातो. त्या घटकेला सर्वांत नावाजलेला सर्जन घरी झोपलेला असतो. हे जागे डोळे सलग ड्युट्यांनी तांबारलेले असतात ही तक्रारही खरी आहे, आणि ती नातेवाइकांनी आमच्याइतक्याच मोठ्याने करायला हवी.

'पाच जणांनी विचारलं, कुठली बाजू? यांना माहीत नाही का!'

एका आजोबांचा हा संताप मी कानांनी ऐकला आहे. माहीत असतं, आजोबा. तरीही विचारायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी असं तीनदा थांबायचं. नाव, शस्त्रक्रिया, बाजू, ॲलर्जी आणि शेवटी सिस्टरने मोजलेले मॉप व सुया, सगळं मोठ्याने बोलायचं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. तेव्हा कुणी पाचव्यांदा नाव विचारलं तर पाचव्यांदा सांगावं.

'सही केली, आता डॉक्टर सुटले'

नाही सुटत. संमतिपत्र म्हणजे हलगर्जीपणाचा परवाना नव्हे. काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय कोणता आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे समजून दिलेला तो होकार आहे. आणि सही रुग्णाची हवी. आपल्याकडे शुद्धीवर असलेल्या, सज्ञान बाईला बाजूला ठेवून नवऱ्याची किंवा मुलाची सही घेण्याची वाईट खोड आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढलं, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली अशी संमती ग्राह्य धरली नाही. निवासी डॉक्टर फॉर्म पुढे सरकवून घाईने "इथे सही" म्हणाला, तर "आधी सांगा" असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

'पाठीतल्या इंजेक्शनने जन्माची कंबर धरते'

हे सिझेरियन झालेल्या प्रत्येक बाईला कोणी ना कोणी सांगतंच. मणक्यातली भूल 1898 पासून वापरात आहे आणि आजची सुई अगदी बारीक असते. टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखू शकतं, क्वचित उठून बसल्यावर वाढणारी डोकेदुखी होते, तिच्यावर उपचार आहेत. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर त्या सुईवर फुटतं. खरं कारण गरोदरपणात ताणलेले स्नायू, वाकून पाजणं, उचलणं, असं बरंच काही असतं.

'उठवू नका, टाके तुटतील'

माझं सर्वांत जास्त भांडण या वाक्याशी झालं आहे. पोटाचे आतले थर चालण्याने तुटतील इतक्या कच्च्या दोऱ्याने शिवलेले नसतात. उलट झोपून राहिलं की पोटरीच्या शिरांत रक्त गोठतं आणि फुफ्फुसाच्या तळाशी कफ साचतो. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990च्या दशकात वेदना नीट आटोक्यात ठेवणं, लवकर खाऊ घालणं, लवकर चालवणं अशा साध्या गोष्टी एकत्र बांधून दाखवल्या. रुग्ण कितीतरी आधी घरी जाऊ लागले. 'वारा सरल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही' हा आमचा स्वतःचा, डॉक्टरांचाच गैरसमज होता. लहान आतडं साधारण दिवसभरात कामाला लागतं. मोठं आतडं मागाहून, दोन-तीन दिवसांनी. अर्थात आतडं जोडलेलं असेल तर केव्हा काय द्यायचं, हे तुमच्या युनिटला विचारूनच.

फुफ्फुसं फुलवण्यासाठी खाटेशेजारच्या लॉकरवर तीन चेंडूंचं स्पायरोमीटर असतं. बरेचदा प्लास्टिकच्या पिशवीतच! पैसे मोजून आणलेली वस्तू, घरी गेल्यावर नातू खेळेल म्हणून जपून ठेवलेली. ते आजोबांनी दर तासाला ओढायचं असतं. होय, ओढायचं, पुष्कळ जण फुंकत बसतात आणि चेंडू हलत नाहीत म्हणून यंत्राला बोल लावतात.

दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर खांदा दुखतो, त्याला 'गॅस धरला' म्हणतात. गंमत म्हणजे हे बरोबर आहे, फक्त तो गॅस वाटाण्याच्या उसळीचा नव्हे. पोट फुगवायला वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल चिडतं आणि त्याची कळ खांद्यात उमटते. दोन-तीन दिवसांत जाते.

आणि भात. 'भात खाल्ला की जखमेत पू होतो, तूरडाळीने चिघळते, आंबटाने टाके पिकतात.' पू होतो जंतूंमुळे. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती डाळीत, अंड्यात, माशांत आहेत. आणि क जीवनसत्त्व लागतं, ते लिंबा-आवळ्यात आहे. म्हणजे जे जे तोडायचं, नेमकं तेच हवं असतं. तोडायचं असेल तर तंबाखू तोडा, बायांनी मिश्री तोडावी, मधुमेह्याने साखर ताब्यात ठेवावी. जखमेचे खरे वैरी हेच. पण उशाखाली पुडी ठेवणारा रुग्ण वरणभाताकडे मात्र संशयाने बघतो.

वरून जखम मिटली म्हणजे झालं, असंही नाही. आतली शिवण हळूहळू बळ धरते. तीन महिन्यांनी ती मूळच्या साधारण 80 टक्के ताकदीला पोचते आणि तिथेच थांबते. चाला, जिने चढा. पण पाण्याचा हंडा, सिमेंटचं पोतं, तीन वर्षांचा नातू यांना पहिले काही आठवडे दुरूनच नमस्कार.

हर्नियावाल्या आजोबांना चौथ्या दिवशी घरी सोडलं. मुलाने परत केसपेपरची घडी केली, दारापर्यंत गेला आणि वळला. "साहेब, टाके काढायला तरी तुम्हीच असाल ना?"

"नाही," मी म्हटलं. "फर्स्ट इयरची मॅडम काढेल. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे."