करतो की करतोय? ग्राहकाला इंग्रजीत मेसेज टाकण्याआधी एवढं बघा

व्हिडिओत हा मुद्दा घाईत झाला, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला सोमवारी सुट्टी असते. सुरुवातीला एका ऑफिसला मी व्हॉट्सॲपवर इंग्रजीत कळवलं, "वी आर क्लोजिंग ऑन मंडे." त्यांना वाटलं, येत्या सोमवारी दुकान कायमचंच बंद होतंय! त्या महिन्याची ऑर्डर दुसरीकडे गेली. चूक माझीच. लिहायला हवं होतं, "वी रिमेन क्लोज्ड ऑन मंडेज."

आता सोपी युक्ती सांगतो. आधी वाक्य मराठीत म्हणा.

'करतो' आलं, म्हणजे नेहमीची गोष्ट. तिथे साधा वर्तमानकाळ. "आम्ही होम डिलिव्हरी करतो" म्हणजे "वी डू होम डिलिव्हरी."

'करतोय' आलं, म्हणजे काम आत्ता चालू आहे. तिथे आयएनजी. "तुमचं पार्सल पॅक करतोय" म्हणजे "वी आर पॅकिंग युअर पार्सल."

पण तीन ठिकाणी ही युक्ती फसते.

1. मराठीत आपण 'हवंय', 'आठवतंय' म्हणतो. इंग्रजीत मात्र "आय वाँट", "आय रिमेंबर". नो, वाँट, नीड यांना सहसा आयएनजी लावू नका. हॅवचा अर्थ 'जवळ असणे' असेल तर त्यालाही नाही. "वी आर हॅविंग स्टॉक" चूक, "वी हॅव स्टॉक" बरोबर. "वी आर हॅविंग लंच" मात्र चालतं, कारण तिथे अर्थ जेवण्याचा आहे.

2. "उद्या माल पाठवतो" हे मराठीत चालतं, पण ही उद्याची गोष्ट आहे. म्हणून "आय विल सेंड इट टुमारो."

3. ही, शी, इट किंवा एकच व्यक्ती, एकच वस्तू असेल तर साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागतो. "द शॉप ओपन्स ॲट टेन." दुकानं अनेक असतील तर "द शॉप्स ओपन ॲट टेन." नकार देताना तो एस 'डझ'मध्येच येतो. "द शॉप डझ नॉट ओपन ऑन मंडेज." इथे पुन्हा 'ओपन्स' नको.

आता वाचून सोडून देऊ नका. तुमचं व्हॉट्सॲप बिझनेस प्रोफाइल आणि दुकानाबाहेरची पाटी आजच तपासा. जिथे आयएनजी दिसेल तिथे स्वतःला विचारा, हे मी रोज करतो की आत्ता करतोय? ग्राहक आपल्याला चूक दाखवत बसत नाही. तो सरळ पुढच्या दुकानात जातो.