पोलंडची वाट वळीवड्याहून

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात वळीवडे नावाच्या लहानशा स्टेशनावरून जाते. शेजारी गांधीनगर. कापडाची मोठी बाजारपेठ, लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्यांची झुंबड. या गर्दीत अधूनमधून युरोपातल्या वयस्कर माणसांचा एखादा गट उतरतो, सोबत मुलं-नातवंडं असतात. त्यांना साडी घ्यायची नसते. ज्या बराकीत आपण लहानाचे मोठे झालो, ती नेमकी कुठे होती हे त्यांना शोधायचं असतं.

दुसऱ्या महायुद्धात, 1943 ते 1948 या काळात, इथे सुमारे पाच हजार पोलिश माणसांचं गाव वसलं होतं. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची, स्काउटची पथकं होती. पंचगंगेच्या खोऱ्यात, उसाच्या रानाशेजारी, पोरं पोलिश व्याकरण घोकत होती.

ती इथवर पोचली कशी, हे नकाशावर बोट ठेवून पाहिलं की थक्क व्हायला होतं. सप्टेंबर 1939 मध्ये हिटलरने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि 17 तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या. फेब्रुवारी 1940 पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं रात्रीतून उचलून, मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. तिथे भूक, थंडी आणि जंगलतोडीची सक्तमजुरी. मग जून 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि स्टालिनला दोस्तांची गरज भासली. कैदेतले पोलिश लोक सुटले. पोलिश सेनानी जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून फौज उभी केली, आणि 1942 मध्ये लाखाहून अधिक सैनिक व नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले.

तिथे घरं दुभंगली. बाप, भाऊ, काका फौजेबरोबर गेले. बायका-मुलांना आसरा हवा होता. काही मुलं जामनगरजवळच्या बालाचडीला आली, पुढे मोठा जथा कोल्हापूर संस्थानात. छत्रपती राजाराम महाराज 1940 मध्ये वारले होते, गादीवर बालराजे होते. वळीवड्याच्या छावणीचा खर्च लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार उचलत होतं, हेही सांगायला हवं. कोल्हापूरने दिली ती जागा आणि शेजार. पण घरदार गमावून आलेल्या मुलाला बिनधास्त हुंदडता येईल अशी जागा मिळणं, हे मला खर्चाच्या आकड्याहून फार मोठं वाटतं.

माझं मन खरं अडकतं ते पुढच्या गोष्टीत. वळीवड्यातल्या बायका ज्यांच्या पत्रांची वाट पाहत होत्या, त्यांतले कितीतरी जण इटलीत लढत होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरंही तिथेच होती! 11 मे 1944 च्या रात्री अँडर्स यांची पोलिश कोअर मोंते कासिनोच्या डोंगरावर चढाईला निघाली. त्याच रात्री खाली गारी नदीवर 8 वी भारतीय डिव्हिजन उतरली, आणि तिच्यात मराठ्यांची बटालियन होती. जुलैत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर एकट्याने तुटून पडले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 9 एप्रिल 1945 रोजी सेनियो नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणलं आणि शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच हल्ल्यात, न्यूझीलंडची एक डिव्हिजन मध्ये सोडून, सेनियोवर झेपावत होते ते पोलिश सैनिक. म्हणजे पोलिश लेकरं मराठी मुलखात वाढत होती आणि त्यांचे बाप मराठी जवानांसोबत एकाच नदीवर लढत होते. एकमेकांची ही गोष्ट त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल!

युद्ध जिंकलं, पण या माणसांना परत जायला गाव उरलं नाही. पोलंडची सीमाच पश्चिमेकडे सरकवली गेली आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत संघात गेली. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी ब्रिटनला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला, काही पोलंडला. एक मुलगी कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न करून इथेच राहिली. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. तीही परत जाता न येणारी. त्यांच्या कष्टांतून आजचं गांधीनगर उभं राहिलं.

ही पोलिश मंडळी इतक्या लांबून पुन्हा पुन्हा का येतात, याचं उत्तर मला इथे सापडतं. जन्मगाव दुसऱ्या देशात गेलेलं. सैबेरियाबद्दल पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट असेपर्यंत उघड बोलायचीही चोरी. बालपणातली पाय ठेवता येईल अशी जागा उरली ती वळीवडे. भारतात राहून गेलेल्या पोलिश लोकांची संघटना ब्रिटनमध्ये उभी राहिली, तिने आठवणी गोळा केल्या. 1998 मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला. सप्टेंबर 2019 मध्ये छावणीत वाढलेल्या काही ज्येष्ठांसह मोठं पोलिश शिष्टमंडळ आलं आणि शहराने त्यांचं मनापासून स्वागत केलं. छावणीत दगावलेल्यांच्या कबरी कोल्हापुरातच आहेत, हे कितीतरी कोल्हापूरकरांना माहीत नसतं. आलेले पोलिश पाहुणे मात्र तिथे गेल्याशिवाय राहत नाहीत.

उलट दिशेची वाटही आता रुळू लागली आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे आदरांजली वाहिली. इटलीतल्या मोंतोने गावात यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह तिथे गेले होते.

कोल्हापुरातून युरोपच्या सहलींना जाणारे लोक फ्लॉरेन्सला आवर्जून राजाराम महाराजांचं स्मारक पाहतात. 1870 मध्ये तिथेच वारलेले ते आधीचे राजाराम. या प्रवाशांनी सहलीत एक दिवस वाढवावा असं मला फार वाटतं. रोम आणि नेपल्सच्या मध्ये कासिनो आहे. डोंगरावर पोलिश सैनिकांची दफनभूमी आहे, हजाराहून अधिक कबरींची. खाली गावाजवळ राष्ट्रकुलाची दफनभूमी आहे, आणि ज्यांची कबर सापडली नाही अशांच्या नावांचे तिथे उंच शिलापट आहेत. यशवंत घाडगे यांचं नाव त्यांच्यातच आहे.